चालत नाही

आमच्या कारखान्यात खुर्ची चालली, तर ती चालत नाही. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही आणि मला समजावत बसायला वेळ नसतो, पण आज मी खुशीत आहे म्हणून सांगते. आम्ही झुलत्या खुर्च्या करतो. खुर्चीखालच्या दोन बाकदार पट्ट्यांत जराही फरक राहिला, तर झुलता झुलता खुर्ची जागा सोडते आणि हळूहळू मागे भिंतीकडे निघते. याला आम्ही चालणं म्हणतो. चांगली खुर्ची ठेवली तिथेच झुलते. तशी जमली की बाबा दोनच शब्द बोलतात, "चालत नाही." याहून मोठं कौतुक त्यांच्या तोंडून निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि निकाल देतो साहेब. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. रंग भुशाचा, त्यामुळे भुशात झोपला की दिसतच नाही. दिवसभर लोळायचं, कुणाचं ऐकायचं नाही आणि तरी याच्या मंजुरीशिवाय एकही खुर्ची दाराबाहेर जायची नाही, म्हणून साहेब. याच्या आधी याची आई याच हुद्द्यावर होती. घराणेशाही म्हणा हवं तर. परीक्षा सोपी असते. रंध्याच्या ढलप्यांच्या ढिगावर साहेब झोपला की त्याच्या शेपटीपुढे नवी खुर्ची ठेवायची. जिने किंवा ज्याने केली, त्यानेच बसून झुलायचं. खुर्ची चालत मागे आली की साहेब उठतो. साहेब उठला की खुर्ची नापास.

यंदा बाबांचा खांदा गेला. डॉक्टरांनी रंधा बंद केला आणि बाबांचं हसणंही त्याबरोबर बंद झालं. तेवढ्यात काका आला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो लोखंडी कपाटं विकतो आणि त्याला गोदामाला जागा हवीच होती. "दादा, आता पुरे झालं. किल्ली माझ्याकडे दे आणि निवांत राहा," तो म्हणाला. माणूस वाईट नाही, पण आमच्या कारखान्याकडे तो नेहमी रिकाम्या खोलीकडे बघावं तसा बघतो आणि माझं डोकं फिरतं.

बाबांनी मला बोलावलं. "पाय, पाठ, हात तू करतेसच. आता पट्ट्यांसकट अख्खी खुर्ची कर. माझा हात लागणार नाही. साहेब झोपून राहिला, तर कारखाना तुझा. उठला, तर काकाला देऊन टाकू."

पट्ट्या आजवर फक्त बाबांनी केल्या होत्या, म्हणून साहेबापुढे झुलायलाही तेच बसत. मला भीती वाटली. पण मला या कारखान्याशिवाय दुसरं काही नकोच होतं. मी "बरं" म्हटलं आणि रंध्याला धार लावायला घेतली.

पहिली जोडी मन लावून केली. बाबा घरी होते, म्हणून म्हटलं आपणच आधी बघून घेऊ. बसले, दोन झोके घेतले, आणि साहेब उठला. माझा राग नाकावरच असतो. मी ताडकन उठले, पट्ट्या उपसून माळ्यावर भिरकावल्या आणि दुसरी जोडी घेतली. तिलाही साहेब उठला. तीही माळ्यावर गेली. खडूची एक रेघ मारून खुर्ची खरंच हलते का ते बघावं, हे कुणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. आम्हाला नाही सुचत. साहेबाच्या निकालावर आमच्याकडे अपील नाही.

तिसरी जोडी लावली, त्या दिवशी काका मोजपट्टी घेऊनच आला. बाबा खिडकीपाशी उभे राहिले. साहेब घोरत होता. मी बसले, पाय टेकवून झोका घेतला, दुसरा घेतला. साहेबाचा कान हलला. मग तो उठला.

"उठला," काका म्हणाला.

एरवी मी ताडकन उठलेच असते. पण काकासमोर ते मला जमेना. हरायचंच, तर बसून हरू, असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दिसू नये म्हणून मान खाली घालून झुलतच राहिले. म्हणून पहिल्यांदाच मला दिसलं, की उठल्यावर साहेब करतो काय.

तो कोपऱ्यात गेला नाही. खुर्चीला वळसा घालून पुढे आला, माझ्यासमोर बसला आणि माझ्या ॲप्रनच्या खिशाकडे बघत राहिला.

खिशात टोस्ट होता.

मी कारखान्यात कधी बसत नाही. उभ्यानेच सगळं करते. बसते ती फक्त चहाला, आणि चहातला अर्धा टोस्ट साहेबाचा असतो. मी बसले म्हणजे टोस्ट आला, एवढं गणित त्याला लहानपणापासून पाठ आहे. त्याला खुर्चीशी काही देणंघेणं नव्हतं. आणि मी ठोंबी, चांगल्या पट्ट्या माळ्यावर फेकत होते.

मी अख्खा टोस्ट त्याच्यापुढे धरला. त्याने तो खाल्ला, खाली सांडलेलं चाटलं, खिशाकडे एकदा बघून घेतलं आणि पुन्हा आपल्या ढिगावर जाऊन पडला. मी झुलायला लागले. काका बघत होता, मी झुलत होते, साहेब घोरत होता. बाबा गुडघ्यांवर बसले. दुखरा हात छातीशी धरून, दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी पट्टीचं टोक आणि शेपटी यांच्यामध्ये धरलं. पट्टी बोटापाशी यायची आणि परत जायची. बोटाला लागली नाही.

"चालत नाही," बाबा म्हणाले. आवाज फुटला होता त्यांचा.

"मी म्हटलंच होतं," काका हळहळला. "मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. तुझ्या परीने तू केलंस." आणि तो भिंत मोजायला लागला.

बाबा हसायला लागले. खांदा धरून, जमिनीवर बसून, खांदा गेल्यापासूनचं साठलेलं सगळं हसले. मीही हसले. काका मोजपट्टी धरून आमच्याकडे बघत राहिला.

"अरे, तूच म्हणालास ना चालत नाही?"

"हो. म्हणूनच," बाबा म्हणाले आणि कंबरेची किल्ली सोडून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"काका, तू उंच आहेस," मी म्हटलं, "माळ्यावर दोन जोड्या आहेत, तेवढ्या काढून दे."

त्याने काढून दिल्या. बिचारा भुशाने माखला. जोड्या एकेक करून लावल्या. साहेबाचं पोट भरलेलं होतं, तो हलला नाही. बाबांनी दोन्ही वेळा बोट धरलं आणि दोन्ही वेळा तेच दोन शब्द म्हणाले. मी मात्र पुन्हा पुन्हा बसत होते, आयुष्यात कधी बसले नाही इतकी, आणि उठायची मला काही घाई नव्हती.