इसवी सन पूर्व दोनशे चाळीस

सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. छापखान्याच्या तपासणीखोलीत ती बसायची, उठायची, पुन्हा तेच पान काढायची. बोट एकाच ओळीवर: इसवी सन पूर्व २४०. पुढे त्याच वर्षाचे इतर कालगणनांतले आकडे. रोमच्या स्थापनेपासून ५१३. ज्यू गणनेचं ३५२०. कलियुगाचं २८६१. सगळे एकेका वर्षाने कमी.

वडिलांनी तीस वर्षं खपून सनापूर्वीच्या तीन हजार वर्षांचा असा मेळ बसवला होता. संगणकावर चढवताना तिने नको तिथे हुशारी केली, सनानंतरचं सूत्र तसंच मागे ओढत नेलं. एकच्या आधी शून्य, हे शेंबडं पोरही सांगेल. पण वर्षांत शून्य नसतं. इसवी सन पूर्व एक संपलं की थेट इसवी सन एक. हे वडिलांनीच तिला लहानपणी शिकवलेलं. तरी तिने नसलेलं एक वर्ष मध्ये घुसडलं आणि तीनशेच्या तीनशे पानांची वाट लावली.

"ताई, चारला मशीन सुरू," फोरमनने दारातून डोकं घातलं. "काही असेल तर आत्ताच बोला. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका."

दुरुस्ती, पुन्हा तपासणी, पुन्हा छपाईची पाळी: दोन महिने. आणि डॉक्टरांनी काल रात्री तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वडिलांकडे फार तर पंधरा दिवस. वडील रोज विचारत होते, "आलं का पुस्तक?"

ती तडक घरी गेली. वडील उशीला टेकून होते. डोळ्यांनी आता अक्षर लागत नव्हतं.

"पानं आणलीस? वाच की."

तिने तीच ओळ काढली. "रोमचं... पाचशे चौदा. ज्यू गणनेचं... तीन हजार पाचशे एकवीस. कलियुगाचं..."

"थांब. दर आकड्याआधी का अडखळतेस?"

"घसा धरलाय, बाबा."

"घसा नाही. तू एक मिळवतेयस. आता छापलंय तसं वाच."

तिने वाचलं. मग रडू फुटलं. "चूक माझी आहे, बाबा. तुमचं सगळं मी नासवलं."

रागावले होते, हे त्यांच्या नाकपुड्यांवरून दिसत होतं. "फोन लाव. मशीन थांबव."

"पण मग तुम्हाला..."

"चुकीचं पुस्तक हातात घेऊन मी काय करू?"

तिने फोन लावला. फोरमनने कपाळावर हात मारल्याचा आवाज तिकडून ऐकू आला.

"डॉक्टर किती म्हणाले?" वडिलांनी विचारलं. "मला सगळे टोलवतात. तू तरी सरळ सांग."

"पंधरा दिवस," ती म्हणाली.

त्यांनी बोटांची पेरं मोजली. "तीनशे पानं. म्हणजे रोज वीस. पहिल्यापासून घे. आणि एक मिळवायचं ते मनात, न अडखळता."

तिने डोळे पुसले आणि पहिलं पान काढलं.