ओट्यावरची सुनावणी

माझ्या आणि बाबुरावच्या दारापुढे मिळून एक लांब ओटा आहे. खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत जुनी दगडी घरं आहेत, त्यातली ही दोन. मधली भिंत एकच. या ओट्यावरून मी बाबुरावविरुद्ध दिवाणी दावा लावला होता. झालं होतं असं की माझ्या बायकोने, सुशीलेने, ओट्यावर कुरडया वाळत घातल्या आणि बाबुरावच्या बायकोने, प्रेमलाबाईंनी, बरोबर त्यांच्या वर दोरी बांधून ओल्या चादरी टाकल्या. मग दोघी एकमेकींना जे बोलल्या ते कागदावर आणता येण्यासारखं नव्हतं. माझ्या वकिलांनी त्याचं ‘वहिवाटीस अडथळा’ असं करून दिलं.

तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. माझं आणि बाबुरावचंही बंद झालं पाहिजे, असं आतून फर्मान निघालं. आम्ही दोघं याच गल्लीत वाढलो. तो दारूगोळा कारखान्यात लागला, मी गवंडीकाम केलं, पण संध्याकाळ एकत्र जायची. ती गेली. समोरासमोर आलो की मी आकाशाकडे बघायचो, तो चपलेकडे.

पण कोर्टाने तारीख दिली, आणि तारखेला दोघांनी हजर राहायचं असतं. हे आमच्या पथ्यावर पडलं.

तारखेच्या सकाळी मी दारात उभा राहून सुशीलेला ऐकू जाईल असं म्हणायचो, “ये कोर्टात, दाखवतो तुला.”

बाबुराव त्याच्या दारातून म्हणायचा, “आधी शर्टाची बटणं नीट लाव, मग दाखव.”

मी गल्लीच्या या टोकाने निघायचो, तो त्या टोकाने. खडकी स्टेशनच्या जिन्याखाली तो माझं तिकीट काढून उभा असायचा. लोकलने शिवाजीनगर. कोर्टाबाहेरच्या टपरीवर भजी आणि चहा. मला तेल बंद आहे, त्याला साखर. तारखेला दोन्ही चालू. मग कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून आम्ही गेल्या तारखेपासूनचं सगळं बोलून घ्यायचो. शिपायाने नावं पुकारली की आत जाऊन एकमेकांकडे रागाने बघायचं, साहेबांनी पुढची तारीख दिली की बाहेर यायचं. बाबुराव म्हणायचा, “वाचलो. निकाल लागला असता म्हणजे?”

असं छान चाललं असताना कोर्ट सुधारलं.

प्रथम शिपायाचा पुकारा गेला आणि भिंतीवर पडदा आला. त्यावर दाव्यांचे नंबर सरकत जातात, आपला आला की आत जायचं. मग आमच्या दाव्याचे पिवळे पडलेले कागद यंत्रातून काढून संगणकात घातले. माझ्या वकिलांनी वयामुळे काम सोडलं आणि दावा त्यांच्या पुतणीकडे, तनुजाकडे गेला. मुलगी हुशार. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, “काका, मोबाइल नंबर द्या. तारीख, ऑर्डर, सगळं मेसेजने येतं आता.”

माझा फोन बटणांचा. मी सुशीलेचा नंबर दिला. घरात शहाणा फोन तेवढा एकच होता.

मग एका तारखेला तनुजा हसत हसत बाहेर आली. “काका, आनंदाची बातमी. नव्या जज मॅडमनी जुने दावे व्हिडिओवर घ्यायचे ठरवलेत. लिंक येईल, घरी बसून हजर राहायचं. लोकलची दगदग संपली.”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाबुरावचा चेहरा पडला. मी म्हटलं, “आमच्या घरात रेंज नाही.”

“खडकीत रेंज नाही?”

“दगडी भिंती आहेत.”

तिने बाबुरावकडे बघितलं. “आणि यांच्याकडे?”

“भिंत एकच आहे,” बाबुराव म्हणाला.

 तनुजाला वाटलं असावं की म्हातारे अडचणीत आहेत. ती म्हणाली, “हरकत नाही. इथेच खाली कोर्टाचं मदत केंद्र आहे. ज्यांच्याकडे सोय नाही त्यांना तिथला संगणक मिळतो. तुम्ही तिथून हजर राहा.”

म्हणजे आम्ही खडकीहून शिवाजीनगरला यायचं, कोर्टाच्या तळमजल्यावर बसायचं आणि वरच्या मजल्यावरच्या मॅडमना पडद्यावर दिसायचं. बाबुराव मला परतीच्या गाडीत म्हणाला, “सरकारने इतका खर्च केला तो वाया नाही गेला रे.”

पुढच्या तारखेला आम्ही भजी बांधून घेतली आणि मदत केंद्रात गेलो. तिथल्या पोराने आम्हाला एका संगणकापुढे बसवलं. “दुसरा बिघडलाय. तुम्ही दोघं एकाच केसचे ना? मग शेजारी शेजारी बसा.” कानाला लावायचं यंत्रही एकच होतं. त्याचा एक कान मी धरला, एक बाबुरावने. त्यासाठी डोकी जवळ आणावी लागली. लग्नातल्या फोटोतही मी कुणाच्या इतका जवळ बसलो नव्हतो.

पडद्यावर चौकटी उघडल्या. एकीत मॅडम, एकीत तनुजा, एकीत बाबुरावचे वकील, एकीत आम्ही.

“वादी कोण?” मॅडमनी विचारलं.

मी हात वर केला.

“प्रतिवादी?”

बाबुरावने हात वर केला. त्या हातात भजी होती.

मॅडमनी चष्मा सारखा केला. “दोघं एकाच ठिकाणी आहात?”

“खाली आहोत, मॅडम. तुमच्याच इमारतीत,” मी म्हटलं.

“दाव्यात लिहिलंय, प्रतिवादी वादीला जवळ येऊ देत नाहीत.”

बाबुराव तेव्हा माझ्या शर्टावरची चटणी रुमालाने पुसत होता. तो थांबला. “जागेच्या अडचणीमुळे, मॅडम,” तो म्हणाला.

 दावा आज इथेच आडवा होणार असं दिसायला लागलं. दावा गेला की तारीख जाणार, तारीख गेली की बाबुराव जाणार. तरी बाबुरावच्या वकिलांनी बाजू सावरली. वाद गंभीर आहे, साक्षीपुरावा बाकी आहे, पुढची तारीख मिळावी, असं ते म्हणाले. त्या वकिलांना कुणीतरी चांगलं शिकवलं होतं. मॅडम तारीख बघायला लागल्या.

तेवढ्यात पडद्यावर पाचवी चौकट उघडली. त्यात आधी कडुनिंबाचा शेंडा दिसला, मग एक हनुवटी. ती हनुवटी माझ्या चांगल्या ओळखीची होती.

“दिसतंय का गं?” सुशीलेचा आवाज आला.

“फोन सरळ धर. माझं अर्धंच तोंड येतंय,” दुसरा आवाज म्हणाला.

फोन सरळ झाला. ओट्यावर मांडीला मांडी लावून सुशीला आणि प्रेमलाबाई बसल्या होत्या. मध्ये मेथीची जुडी, अर्धी निवडलेली. बाबुरावने माझ्या कानात नाही, आमच्या दोघांच्या यंत्राच्या माइकमध्ये म्हटलं, “मेलो.” ते सगळ्या चौकटींत ऐकू गेलं.

“आपण कोण?” मॅडमनी विचारलं.

“मी वादीची बायको, साहेब. लिंक माझ्या फोनवर आली. दर वेळी मेसेज येतात, आज म्हटलं बघावं तरी काय करतात ते.” ती जरा जवळ आली. “अहो, ते तोंडात काय आहे?”

मी गिळलं.

“आणि या शेजारच्या?”

“मी प्रतिवादीची,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “साखर नाही ना घेतली चहात?”

बाबुरावने मान खाली घातली.

“तुम्ही बसलाय ती जागा कुठली?”

“हाच तो ओटा, मॅडम,” सुशीला म्हणाली. “घरात रेंज येत नाही, म्हणून बाहेर बसलो.”

रेंजबद्दल मी खोटं बोललो नव्हतो, हे मला तेव्हा कळलं. पण त्याचा आनंद घ्यायची ती वेळ नव्हती.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मग हे भांडण नक्की कुणाचं आहे?”

“आमचं होतं,” सुशीला म्हणाली. “ते मिटलं. गेल्या संक्रांतीच्याही आधी.”

“मग घरी सांगितलं का नाही?”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग प्रेमलाबाई म्हणाल्या, “मॅडम, दोघं रिटायर आहेत. दिवसभर घरात. चहा करा, पंखा लावा, पंखा बंद करा. तारखेला तेवढं घर मोकळं मिळतं. आम्ही दोघी इथं निवांत बसतो. मिटलं म्हणून सांगितलं असतं तर हे कुठं गेले असते?”

मॅडमनी आवाज बंद केला. त्यांचे खांदे मात्र हलत होते. तनुजा कपाळाला हात लावून बसली होती.

आवाज चालू करून मॅडम मला म्हणाल्या, “वादी, दावा मागे घेता का?”

मी बाबुरावकडे बघितलं. त्याने यंत्र न हलवता मान हलवली, नाही म्हणून.

“विचार करावा लागेल,” मी म्हटलं.

“विचार कसला?” ओट्यावरून सुशीला म्हणाली. “बायका गप्पा मारतायत त्या ओट्यावर, आणि तुम्हाला वहिवाट कुठून अडते? घ्या मागे. लोकांचे खरे दावे पडून आहेत.”

मी हो म्हटलं. तनुजाने तिथल्या तिथे अर्ज टाईप करून पाठवला, मॅडमनी तो समोरच्या पडद्यावर वाचला आणि दावा निकाली निघाला. मला वाटलं होतं शिक्का उमटल्याचा आवाज तरी येईल. चौकटी एकेक करून बंद झाल्या. शेवटी संगणकात आमचीच दोन तोंडं राहिली.

आम्ही लोकलने परत निघालो. घरी पोचलो तर सुशीला दारातच होती. “ऑर्डर कधीच आली माझ्या फोनवर. तुम्हाला यायला इतका वेळ?”

त्या संध्याकाळी आम्ही दोघं उघडपणे ओट्यावर बसलो. कुणी आडकाठी केली नाही. चहा आला, बिनसाखरेचा. आतून दर थोड्या वेळाने कुणीतरी डोकावून जायचं. मला बोलायला काही सुचेना. बाबुरावलाही नाही. व्हरांड्यातल्या बाकावर आम्हाला कधी विषय कमी पडला नव्हता.

बऱ्याच वेळाने बाबुराव आपल्या भिंतीकडे बघत हळू आवाजात म्हणाला, “रंगनाथ, तुझ्या मोरीचं पाणी माझ्या भिंतीत मुरतं का रे?”

“नाही,” मी म्हटलं. “मी स्वतः बांधलीय ती.”

“थोडंसं मुरत असेल.”

मी आत बघितलं. सुशीला भाकऱ्या थापत होती. मोरीचा एक कोपरा तसा माझ्या डोक्यात होता. थापी फिरवली तर तिथून पाणी काढणं अवघड नव्हतं.

“मुरवता येईल,” मी म्हटलं. “पण या वेळी वादी तू हो. आणि वकिलाला नंबर देताना जरा विचार करून दे.”