येरमाळ्याच्या अलीकडं दीड कोस

मी धुळाप्पाची सायकल बोलतेय. धुळाप्पा आता नाही, पण तेर गावात मला अजून दुसऱ्या कुणाच्या नावानं कुणी ओळखत नाही, म्हणून तेच नाव सांगितलं. वय म्हणाल तर बारा-तेरा वर्षांचं. लोखंडाच्या मानानं हे काही वय नव्हे, पण माझं पुढचं चाक सरळ फिरत नाही आणि मी बोलायला लागले की लवकर थांबत नाही. दोन्ही सांभाळून घ्या.

जन्म माझा सातासमुद्रापलीकडचा, असं मला आणणारे सांगायचे. मला मात्र आठवतो तो सोलापूरहून येताना लागलेला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तिथं निजामाच्या शिपायानं मला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं, विनाकारण चार वेळा घंटी वाजवली आणि मग कुठं पुढं सोडलं. धाराशिवचे कापडवाले माणिकप्पा यांनी मला मोठ्या हौसेनं आणवलं होतं. तिसऱ्या दिवशी भर बाजारात त्यांचं धोतर माझ्या साखळीत अडकलं. पुढं काय शोभा झाली ते मी सांगणार नाही, खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे. त्यानंतर मी दुकानाच्या मागच्या खोलीत धूळ खात पडले.

धुळाप्पा तेरचा धनगर. माणिकप्पांच्या दुकानी घोंगडी द्यायला यायचा. एकदा पाणी प्यायला मागं आला आणि मला बघून तांब्या हातात तसाच धरून उभा राहिला.

"चालवता येती का रे?" माणिकप्पांनी विचारलं.

"येत न्हाय, आप्पा. पर शिकंल."

"मग घेऊन जा बाबा. माझ्या नजरेसमोरनं आधी हलीव हिला."

पुढच्या आठवड्याला त्यानं त्यांना एक नवं काळंभोर घोंगडं आणून दिलं आणि आमचा व्यवहार मिटला. तेरणेच्या काठी, मेंढरांच्या मागं, तो मला चालवायला शिकला. पडला किती वेळा ते मेंढरांना ठाऊक. पण मेंढरांमागं दिवसभर चालणाऱ्या माणसाच्या पायात जो दम असतो, तो पेठेतल्या माणसात नसतो. एकदा बसला की उतरायचं नावच घेईना.

त्या काळी बाजारगावांत एक खेळ असायचा. मैदानात चुन्याची गोल रेघ मारायची, मध्ये झेंडा रोवायचा आणि एका माणसानं त्या रेघेवरून दिवसरात्र सायकल फिरवायची. खाणं तिच्यावरच, पिणं तिच्यावरच. न्हावी शेजारून चालत चालत दाढी करायचा. पाय जमिनीला लागला की खेळ खलास. धुळाप्पानं हा खेळ एकदा पाहिला आणि आपलासा केला. दोन दिवस, तीन दिवस, पुढं चार दिवस. त्याची बायको तारामती भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याबरोबर फेऱ्या मारायची आणि पुटपुटायची, "मेंढरं बरी वो. सांजच्याला एका जागी बसतात तरी."

तो हसायचा. बाई चिडायची, पण भाकरीला तीळ लावून आणायची.

मग मोठी लढाई लागली. लढाई कुठं होती कोण जाणे, पण तिनं आमचं रबर नेलं. टायर मिळेनात. माझ्या पुढच्या टायरला गावच्या चांभारानं कातड्याचं ठिगळ शिवलं. ब्रेकची रबरं झिजून गेली, ती शेवटपर्यंत मिळाली नाहीतच. थांबायचं असलं की धुळाप्पा वहाणांचे पाय जमिनीवर घासायचा. मैदानात थांबायचंच नसतं, त्यामुळं त्याला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटायचं, पण माझं कोण ऐकतो!

त्याच सुमाराला त्यांची एकुलती पोर हरणा मुदतीच्या तापानं पडली. चार वर्षांची. एकवीस दिवस ती अंथरुणातून उठली नाही. विसाव्या दिवशी धुळाप्पा दारात आला, येरमाळ्याच्या देवीच्या दिशेनं तोंड केलं आणि माझ्या दांडीवर हात ठेवून बोलला, "येडाई, पोरीला उठीव. धाराशिवच्या मैदानात चार दिस चार रात फिरंन आन तसाच तुज्या पायरीपत्तुर यीन. मधी कुटंबी पाय टेकणार न्हाय."

तारामती आतून धावत आली. "अवं, दंडवत बोला, नारळाचं तोरण बोला. ह्ये काय बोलला?"

"मला दुसरं काय येतंय, तारे?"

पोर उठली. तापाची मुदत संपली म्हणून उठली की नवसानं, ते मला विचारू नका. धाराशिवहून येरमाळा दहा-अकरा कोस. चार रात्री जागलेल्या माणसानं चैत्राच्या उन्हात एवढी वाट तोडायची, हा वेडेपणा होता. पण बोललेलं देवाला पोचलेलं असतं, असं आमच्याकडची माणसं मानतात. तिथं सायकलीचा सल्ला कोण घेणार?

चैत्री पौर्णिमेच्या सकाळी त्याचे चार दिवस भरले. मैदानात हलगी कडाडली, लोक म्हणाले, उतर, चहा घे. तो हसून चुन्याची रेघ ओलांडून सरळ रस्त्याला लागला. मागून त्याचा भाऊ बिराप्पा बैलगाडी घेऊन निघाला, गाडीत तारामती आणि हरणा. बैल कसले आम्हाला गाठतात! दुपार कलताना आम्ही येरमाळ्याच्या अलीकडं दीड कोसावर होतो. त्याचे डोळे मिटायचे आणि माझं हँडल थरथरलं की उघडायचे.

तिथं उतार आहे आणि कडेला एक लिंबाचं झाड. यात्रेच्या गाड्या डाव्या अंगानं रांगेनं चालल्या होत्या. एका गाडीच्या मागं चालणाऱ्या म्हातारीचं बोचकं रस्त्याच्या मधोमध पडलं. ती ते उचलायला मागं वळली. आमच्या पाठीमागून, उतारानं, कोळशावर चालणारी एक लॉरी भोंगा वाजवत येत होती. म्हातारी भोंग्यानं बावरली आणि जागच्या जागी खिळली.

माझ्या चाकाला जायला उजवीकडं जागा होती. हे मी शपथेवर सांगते. अंग चोरून तो निघून गेला असता.

त्यानं दोन्ही पाय खाली टाकले. वहाणा घासल्या, मी थांबले. त्यानं मला सोडून दिलं आणि दोन्ही हातांनी म्हातारीला कडेच्या चारीत ढकललं. मग लॉरी आली.

मला ब्रेक असते तर काय झालं असतं? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारलाय, त्याची गणती नाही.

धुरळा खाली बसल्यावर गाडीवाले धावले. चारीतल्या म्हातारीला भोवळ आली असं समजून तिच्या माणसांनी तिला गाडीत घातलं. लॉरीवाला डोकं धरून तिथंच बसला. तोही काही राक्षस नव्हता. धुळाप्पाच्या वहाणांचे तळ फाटले होते, ते लॉरीनंच फाटले असं सगळ्यांनी धरलं. नवसाची गोष्ट यात्रेत आधीच पोचली होती. कुणीतरी म्हणालं, "पाय टेकला न्हाय गड्यानं. येडाईनं वरच्यावर उचलला." आणि तेच पुढं गेलं.

बिराप्पाची गाडी आली तेव्हा तारामतीला हेच ऐकवलं गेलं. ती त्याच्याशेजारी बसली. रडली नाही. पदरानं त्याच्या तोंडावरचा धुरळा पुसत राहिली, जणू तो फक्त मळलाय.

त्यानंतर मी एकदम मोठी झाले. वाकडी-तिकडी होऊन दारात पडले होते, तरी बायका येऊन माझ्या हँडलला हळदकुंकू लावायच्या. येडाईची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायकांनी गाणं रचलं: धुळाप्पा आला, भुईला पाय नाही लागला. ते खरं नव्हतं आणि मला ठाऊक होतं. पण खरं सांगते, हळदकुंकू कुणाला नको असतं? मला बरं वाटायचं, आणि त्याची आता लाज वाटते.

कारण त्या गाण्यानं तारामतीचा जीव पोखरला. पाय टेकला नाही म्हणजे नवस मोडला नाही, पण पायरी गाठली नाही म्हणजे फिटलाही नाही. दीड कोस राहिला होता. हरणा खोकली तरी ती उठून बसायची, कपाळाला हात लावून बघायची. पावसाळ्यात पोरीला तीन दिवस ताप आला, तेव्हा ती बिराप्पाला म्हणाली, "भावजी, ऱ्हायलेला नवस पोरीला मागतोय. म्या तो फेडणार."

"तुमाला सायकल येती का, वैनी?"

"पोरीला तिच्यावर बसवीन आन म्या ढकलीन. बापाचं न्हाय तर लेकीचं पाय. जितं ऱ्हायलं तितनं पायरीपत्तुर."

लोहाराकडून तिनं माझं चाक ठोकून घेतलं. पुढच्या चैत्रात मला गाडीत आडवी घालून त्या लिंबापाशी आणलं. बिराप्पानं मला धरलं, तारामतीनं हरणाला गाडीतूनच उचलून माझ्यावर बसवलं. "पाय वर धर गं बाई. कायबी झालं तरी खाली सोडू नगं." पोरीनं घाबरून गुडघे पोटाशी घेतले.

लिंबाखाली एक म्हातारी बसली होती. तिनं मला पाहिलं. माझं ठिगळ लावलेलं टायर पाहिलं. उठली, आणि येऊन हँडलच धरलं.

"ही त्याचीच न्हवं?" ती म्हणाली. "माजं नाव गजराबाई. बाई, त्यानं पाय टेकला हुता."

बिराप्पा गरजला, "काय बोलती म्हातारे? समदा मुलूख सांगतोय!"

"मुलूख न्हवता तितं, म्या हुते. भोंगा ऐकून माजं पाय हालंनात. त्यानं दोनी पाय टेकलं, आन मला चारीत ढकललं. वरीस झालं, म्या त्वांड उघडलं न्हाय. त्याचा नवस माज्यापायी मोडला, आसं समदी म्हनतील याचं भ्या वाटलं."

"मोडलाच की तुज्यापायी!" बिराप्पा म्हणाला. म्हातारीनं मान खाली घातली, पण हँडल सोडलं नाही.

मला वाटलं, आता तारामती कोसळणार. नवस राहिला म्हणून वर्षभर झोपली नाही, आणि तो तर मोडलाच होता. मग तिनं विचारलं, "त्यो निघून जाऊ शकला आसता का?"

"व्हय गं बाई. जागा हुती."

तेव्हा ती रडली. वर्षाचं सगळं त्या उतारावर रडली. गजराबाईनं तिला जवळ घेतलं आणि तीही रडली. बिराप्पा एका हातानं मला धरून बैलांकडं तोंड करून उभा राहिला. हरणा बिचारी गुडघे पोटाशी धरून माझ्यावर तशीच बसलेली.

डोळे पुसून तारामती पोरीकडं वळली. "हरणे, उतर खाली."

"आई, पाय लागंल की!"

"लागू दे. तुज्या बापानं हितंच टेकला. येडाई बाईमानूसच हाय. तिला कळलं आसंल त्यानं का टेकला ते. नवस हितंच फिटला."

बिराप्पानं मला पोरीसाठी थोडं कलतं धरलं. पोरीनं आधी एक पाय सोडला, मग दुसरा. मग तिघी चालत येरमाळ्याला गेल्या. दुसऱ्या दिवशी यात्रेच्या रीतीप्रमाणं चुन्याच्या रानात सगळ्यांसारखे त्यांनी पाच-पाच चुनखडीचे खडे वेचले आणि ढिगावर टाकले. मी गाडीतून पाहत होते. त्या दिवसापासून तारामती रात्री पोरीच्या कपाळाला हात लावायला उठत नाही.

आता निजामाचं राज्य गेलं. करोडगिरीचा नाकाही जाईल म्हणतात. मी मेंढरांच्या वाड्याजवळ, कुंपणाला टेकून असते. रबर मिळू लागलं तसं तारामतीनं सगळ्यात आधी मला ब्रेक बसवले, टायर नंतर. हरणाचे पाय अजून पेडलला पुरत नाहीत, पण पुढच्या सुगीपर्यंत पुरतील. मी वाट पाहतेय.

एक मागणं आहे. आराधी बायका अजून तेच गाणं म्हणतात. तुम्ही कधी चैत्रात येरमाळ्याला गेलात आणि ते कानावर पडलं, तर मध्ये तोडू नका, पुरं होऊ द्या. मग त्यातल्या एखादीला बाजूला घेऊन सांगा, की बाई, पाय टेकला होता. दोन्ही टेकले होते. म्हणून तर गजराबाई अजून आहे.