टाच तुटते तेव्हा

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. खोलीभर पसरलेला हा आंबट वास माझाच आहे. मी सिनेमाचे एक जुने रीळ आहे आणि मी सडलो आहे. ज्याने मला जिवापाड जपले, त्याच्याच हातून सडलो. गोड गोष्ट ऐकायला आला असाल, तर आत्ताच उठा.

माझा जन्म हॉलिवूडच्या सिनेमा कारखान्यात झाला. आमचा सिनेमा हसवणारा, नाचगाण्यांचा, प्रेमाचा. त्याची आम्ही नऊ रिळे, त्यातले मी सहावे. गोष्ट एवढीशी होती. एक बाई फर्निचरच्या दुकानात जाते. तिला एकच खुर्ची हवी असते. तिथला विक्रेता हटून बसतो, की एकटी खुर्ची कोणी नेते का? झाले, दोघांची जुंपते. पाच रिळे ती दोघे नुसती भांडतात. मग माझी पाळी येते आणि ती नाचू लागतात.

टेबलांवरून, पलंगांवरून, कपाटाच्या एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. प्रेमाचा एक शब्द कोणी काढत नाही. तरी नाच संपेस्तोवर सगळ्या थिएटरला सगळे कळलेले असते. कळायचे राहते ते फक्त त्या दोघांना. शेवटच्या गिरकीला बाईच्या बुटाची टाच तुटते. हे कोणी लिहून दिलेले नव्हते. ती खरोखर तुटली. बाई कोलमडली, त्याने तिला कसेबसे सावरले, दोघे धपकन एकाच खुर्चीत पडली आणि बाईला हसू फुटले. कॅमेरा चालूच होता. ते हसू जसेच्या तसे माझ्या अंगावर उतरले.

शहाणी माणसे नाक मुरडतात. म्हणतात, असल्या सिनेमात काय असते? सगळे खोटे! दुकानात कोणी नाचते का? नाही नाचत, मान्य. पण दिवसभर साहेबाच्या शिव्या खाऊन आलेला माणूस माझ्यासमोर बसायचा आणि त्याची पावले खुर्चीखाली आपोआप ठेका धरायची. इंग्रजीचा एक शब्द त्याला कळत नसे. ती पावले तरी खरी होती की नाही? त्याला तेवढ्यापुरते वाटायचे, की आपले अंगही हलके आहे. याला खोटे म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी पाय थिरकवलेला नसतो.

सातासमुद्रापार फिरत फिरत मी एका लहान थिएटरात येऊन पडलो. तिथला ऑपरेटर म्हणजे मुलखाचा घुम्या. वरच्या केबिनमध्ये मशीनशेजारी बसायचा आणि दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी खूप. पण टाच तुटली, की तो मोठ्याने हसायचा. दर खेळाला! पुढे काय होणार हे ठाऊक असूनही असा हसायचा, की केबिनच्या झरोक्यातून ते हसू थेट खाली जिन्यापर्यंत जायचे.

जिन्याखाली तिकिटाची खिडकी होती. तिथे बसणाऱ्या मुलीला सगळे खिडकीवाली म्हणत. जीभ अशी, की भल्याभल्यांची दांडी उडवील. तिला सिनेमा बघायला मिळत नसे, गोष्ट बाहेर पडणाऱ्या लोकांकडून ऐकलेली. पण वरून हसू आले की ती मान वर करून म्हणायची, "तुटली वाटतं टाच!"

एकदा मालक केबिनमध्ये आला. जिन्यावरूनच ओरडत होता. "ते सहावं रीळ गाळून टाक. नाच बघून कुणाचं पोट भरतं? खेळ लवकर सुटेल, आणखी एक खेळ बसेल."

ऑपरेटर खाली मान घालून उभा राहिला. खिडकीवाली मात्र तरातरा जिना चढून आली.

"गाळा की. मग खिडकीवर उद्यापासून तुम्हीच बसा. लोक पैसे परत मागायला आले, की शिव्याही तुम्हीच खा."

"तुला गं काय करायचंय त्या नाचाशी? तू तर खाली असतेस."

"मला ऐकू येतं."

काय ऐकू येते, ते तिने सांगितले नाही. ऑपरेटरचे कान मात्र लाल झाले. मालक पुटपुटत गेला आणि मी वाचलो.

पुढे एका दिवशी थिएटर भरले, खिडकी लवकर बंद झाली आणि ती पहिल्यांदाच मला पाहायला वर आली. केबिनमध्ये खुर्ची एकच. ऑपरेटर धडपडत उठला.

"बसा तुम्ही. मी उभा राहतो. खुर्ची एकच आहे."

ती म्हणाली, "अरे, तू सिनेमा बघतोस की नुसता लावतोस?"

मित्रांनो, त्यांचे लग्न मी जुळवले. हे मी छातीठोकपणे सांगतो.

मग आमच्या सिनेमाचा करार संपला. करार संपला, की वितरक सगळी रिळे परत मागवतो आणि कुऱ्हाडीने तोडतो, म्हणजे कोणी चोरून दाखवायला नको. गंभीर सिनेमांना, रडवणाऱ्या सिनेमांना कोणी ना कोणी वाली भेटतो. त्यांना थंडगार खोल्या मिळतात, त्यांच्यावर भाषणे होतात. ज्यांनी दमलेल्या माणसांना हसवले, त्यांच्या नशिबी कुऱ्हाड. माझ्या आठही भावंडांचे तुकडे झाले. मी वाचलो, कारण ऑपरेटरने माझ्या डब्यात साबणाच्या जाहिरातींचे रीळ भरून पाठवले. भित्र्या माणसाने जन्मात केलेली ही एकच चोरी, आणि तीही बायकोसाठी.

घरी आणून त्याने मला दुसऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. धूळ आत जाऊ नये, दमट हवा लागू नये आणि कोणाला सुगावाही लागू नये, म्हणून झाकणाच्या कडेने चिकटपट्टी गुंडाळली. एकीवर एक, एकीवर एक. मग डबा कपाटात, कपड्यांच्या तळाशी.

बायको म्हणायची, "अरे, एकदा तरी लाव की. कुठूनतरी मशीन आण."

"झिजेल ते. प्रत्येक वेळी चरे पडतात. चांगला दिवस येऊ दे."

चांगला दिवस! लेक झाली, तेव्हा आला नाही. लेकीचे लग्न झाले, तेव्हाही नाही. थिएटर पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली, त्या दिवशी तो घरी येऊन डब्यावर हात ठेवून बसला. चिकटपट्टी थोडी सुटली होती. त्याने नवी लावली.

आता ऐका. माझ्यासारख्या रिळाच्या अंगातून वय झाले की आंबट वाफ निघते. तिला बाहेर जायला वाट लागते. वाट मिळाली, तर रीळ पुष्कळ वर्षे टिकते. नाही मिळाली, तर ती वाफ परत आमच्याच अंगात मुरते आणि आम्हाला खाते. आत मी आक्रसत होतो, वाकडातिकडा होत होतो. बाहेर तो लेकीला अभिमानाने सांगत होता, "मुंगीसुद्धा शिरायची नाही आत."

मग बायकोची साखर डोळ्यांत उतरली. डॉक्टर म्हणाले, नजर जाणार, आता थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. समोरच्या माणसाचा नुसता हलता आकार तिला दिसत होता.

ती नवऱ्याला म्हणाली, "तुझं रीळ आणि माझे डोळे. बघू, आधी कोण जातं ते. आता तरी लावशील का, चिंगूस?"

त्याने पुन्हा चिंगूस म्हणवून घेतले नाही. एका जुन्या फिरत्या सिनेमावाल्याच्या मागे लागून, त्याच्या पाया पडून, त्याने एक मशीन आणले. लेकीने दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या आणि समोरच्या भिंतीवर पांढरा पलंगपोस ताणला. बायकोने केस विंचरून घेतले. मधोमध खुर्ची मांडली. एकच.

त्याने चिकटपट्टी सोलली, झाकण उघडले आणि खोलीत वास भरला.

"बाबा, व्हिनेगर सांडलंय का यात?" लेक म्हणाली.

आयुष्यभर रिळे हाताळलेला माणूस, त्याला एका श्वासात कळले. तरी त्याने मला उचलले. मी कडाकडा मोडू लागलो. कडेची भोके इतकी आक्रसली होती, की मशीनचे दाते त्यांत बसेनात. त्याने बोटांनी दाबून बसवले. मशीन फिरले. पलंगपोसावर खुर्चीचा एक पाय दिसला, क्षणभर. मग मी अडकलो, दिव्याखाली माझ्या अंगावर फोड आले आणि मी तुटलो. सगळीकडे नुसता पांढरा उजेड.

"सुरू झालं का रे?"

लेकीने तोंडावर हात ठेवला. मशीन रिकामे फिरत होते.

"झालं," तो म्हणाला. "आवाज तेवढा बिघडलाय."

"मला नुसतं पांढरं दिसतंय. आता काय चाललंय?"

"नाचतायत. पलंगावर चढली दोघं."

"आणि कपाट?"

"कपाटातून आत गेली... आली बाहेर."

"टाच?"

त्याने माझे तुकडे मुठीत धरले होते.

"तुटली. आत्ताच तुटली बघ."

ती हळूच म्हणाली, "मग तू हसला का नाहीस?"

मशीन त्याने नाही, लेकीने बंद केले.

आता तिला काहीच दिसत नाही. तो आता चार शब्दही बोलत नाही. माझा डबा खिडकीत उघडा पडलेला असतो. हवा भरपूर येते. त्या हवेचा आता काय उपयोग?

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी असेल, चांगल्या दिवसासाठी बांधून ठेवलेले. आजच सोडा. चरे पडू द्या, झिजू द्या, हातातून पडून फुटले तरी फुटू द्या. मी हजार वेळा मशीनवर चढलो असतो, अंगभर चरे घेऊन फाटलो असतो, तरी मला चालले असते. त्या प्रत्येक वेळी तो हसला असता, आणि तिने ते ऐकले असते.