शिसे ओतून थकलेला साचा

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचा. लोखंडाचे दोन तुकडे, लाकडी मुठी आणि मधोमध एक बारीक खीळ. त्या खिळीमुळे माझ्या गोळीचे टोक आतून पोकळ होते. अशी गोळी लागली की हरीण फार वेळ तडफडत नाही, असे म्हणतात. मी काही पाहिलेले नाही. माझा जन्म घरामागच्या एका लाकडी खोलीतच गेला.

केंटकीच्या डोंगरातला व्हर्लिन स्टॅम्पर लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाला आणि त्याने मला आणले. दर शनिवारी दुपारी तो जुने शिसे वितळवी आणि पळीने माझ्यात ओती. मी थंड असलो की पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघत. त्या तो न कुरकुरता परत भांड्यात टाकी. अंग तापले की मग गुळगुळीत, चंदेरी गोळ्या टपटप पडू लागत. शेजारचा क्लीटस एखादी बोटांत फिरवून म्हणे, "लेका, दुकानातली गोळी हिच्यापुढे पाणी भरेल." मला धन्य वाटे.

हिवाळ्यात व्हर्लिन खिडकी लावून घेई. काम संपले की राखाडी हात विजारीला पुसून तसाच घरात जाई आणि नातीला मांडीवर घेई. टेसी तेव्हा दीड वर्षांची होती. हळूहळू ती किरकिरी झाली, शिकलेले चार शब्दही बोलेनाशी झाली. डॉक्टरांनी रक्त तपासले. त्यात शिसे निघाले. आजोबांच्या रक्तात तर तिच्या तिप्पट.

त्या दिवशी त्याची बायको ओलेटा खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"किती वेळा सांगितलं, बूट बाहेर काढत जा म्हणून. पोर त्याच गालिच्यावर रांगते."

"मला काय ठाऊक, ओलेटा."

"ठाऊक होतं तुला. ऐकायचं नव्हतं."

त्याने चूल विझवली आणि मला तेलाचा हात न लावताच फळीवर ठेवले.

याला तीन वर्षे झाली. टेसी पुन्हा बोलू लागली आहे, अडखळत. माझ्या सांध्यांत गंज बसला आहे. परवा क्लीटस आला होता.

"पडूनच आहे ना तो? मला दे."

"नाही देणार."

"अरे, गंजून जाईल."

"गंजू दे. तुझ्या घरीही पोर रांगतंय."

मित्रांनो, मला राग नाही, फक्त थकवा आहे. माझ्यात पडलेल्या शिशाला मी आकार दिला. बुटांना, विजारीला चिकटून घरात गेलेली धूळ मात्र मला अडवता आली नाही. तुमच्या घरी कोणी शिसे वितळवत असेल, तर खिडकी उघडायला सांगा, कपडे बदलून, हात धुऊन मगच आत यायला सांगा. माझे त्यांना ऐकू जात नाही. तुमचे जाईल.