नंबराला ठेवलेल्या चपला

मोफत धान्याच्या खिडकीसमोर रांग होती, पण तिच्यात माणूस एकही नव्हता. नुसत्या चपला. उन्हात कोण उभं राहणार? ज्याने त्याने आपली एकेक चप्पल नंबराला ठेवली होती आणि सगळे समोरच्या भिंतीच्या सावलीत पेंगत बसले होते. पहिली चप्पल खडी फोडणाऱ्या बाईची. पहाटेच येऊन बसलेय, असं तिने मला आपणहून सांगितलं. घरी तीन पोरं, दोन दिवस चूल पेटली नव्हती. माणशी एक पोतं मिळायचं; गेल्या वाटपाला तिचा नंबर येईपर्यंत पोती संपली होती, आणि आजचा दिवस शेवटचा.

मी फिरस्ता माणूस. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. फुकट मिळालं की माणूस आळशी होतो, असं मी त्या भिंतीकडे बघून ठरवूनही टाकलं. मला खिडकीचा फोटो हवा होता, चपला मध्ये येत होत्या. त्या मी पायाने बाजूला सारून त्यांचा ढीग केला.

तेवढ्यात खिडकी उघडली. सगळे धावत आले आणि चपलांच्या ढिगापाशी थबकले. मग बळी तो कान पिळी. कोपरं बरगड्यांत बसली, एका म्हाताऱ्याचं तोंड भिंतीवर आपटलं. बाई खिडकीचे गज धरून होती. एका दांडगटाने तिला वेणीला धरून मागे ओढलं. शिपाई काठी घेऊन आला आणि दिसेल त्याला झोडपू लागला.

बाईच्या कपाळातून रक्त येत होतं. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"दादा, तुम्ही इथेच होतात. माझी चप्पल पहिली होती ना? सांगा यांना."

शिपायाची काठी थांबली. सगळे माझ्याकडे बघू लागले. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग हलवल्या कुणी? मला लाज वाटली, पण भीती त्याहून जास्त वाटली.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

"खोटारडी," शिपाई म्हणाला, आणि काठी तिच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. हातोडा ती त्याच हाताने धरत असणार.

डाव्या हाताने पिशवी उचलून ती शिपायाने नव्याने लावलेल्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे चाळीस माणसं होती, आणि आत पोती तीस.