रेशमी ओढणीची परीक्षा

इतवारी बाजारात शालिकराम काकाजींच्या दुकानात माल नापास होणं ही काही बातमी नव्हती. पास झाला तर बातमी. तरी मयुरी कागदी झुमक्यांचा डबा घेऊन निवांत बसली होती. आज माल पसंत पडला, तर लग्नसराईभर दर्शनी काचेत तिचेच झुमके लटकणार होते.

कागदावर रेझिन चढवलं की काठाला थेंब गोठून धार येते. बाकीच्या बाया ते दगडासारखं कडक झाल्यावर घासत बसायच्या. मयुरी ते नखासारखं वाकतं आहे तोवरच कात्रीने काठ उतरवायची, कडक झाल्यावर पॉलिशपेपर फिरवायची आणि उघड्या पडलेल्या कडेवर पुन्हा रेझिनचा पातळ हात द्यायची. विणकरांच्या घरातली सून ती. बोटाला न कळलेली धार रेशमाला कळते, हे सासूने शिकवलेलं.

काकाजींचीही परीक्षा तीच. त्यांनी रेशमी ओढणीवरून एकेक झुमका ओढला. तिसऱ्या झुमक्याला ओढणीचा धागा ताणला गेला.

"पाह्य! काहून वं, हेच का तुह्यं फिनिशिंग?" काकाजी खुशीत आले.

मयुरीने शांतपणे धाग्याचा माग काढला.

"काकाजी, झुमका तर केव्हाचाच सुटला. धागा तुमच्या अंगठीत अटकून राहिला."

गिऱ्हाइकं हसली. मयुरीने पर्समधून पॉलिशपेपर काढला. "द्या, तिचीही कड घासून देतो."

काकाजींनी अंगठी काढून दिली आणि स्वतः स्टुलावर चढून काचेतले जुने झुमके उतरवायला घेतले.